पाचव्या फेरीतली रेघ

माझ्या आईला मोटारसायकल चालवता येत नव्हती. मागे बसायचीही तिला धास्ती वाटायची. बाबांच्या मागे बसली की आमच्या समा भागापासून अकोट्याच्या पुलापर्यंत डोळे मिटून देवाचं नाव घेत राहायची. तरी बडोद्यात वर्षातून एकदा मोटारसायकलींची शर्यत व्हायची, तिच्यात पहिला कोण आला हे माझी आई ठरवायची. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत बापडे.

ऐंशीच्या आसपासचे दिवस होते. बाबा रिफायनरीत नोकरीला होते आणि आम्ही समाला नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. सोसायटीच्या मागे शेतं, शेतांच्या मागे कुणा खासगी मालकाचं मोठं मैदान. संक्रांत उलटली की एका रविवारी त्या मैदानात शर्यत भरायची. डांबर नव्हतं, बसायला पायऱ्या नव्हत्या. मातीचा वळणावळणाचा ट्रॅक, कडेला जुने टायर, आणि पलीकडच्या टोकाला एक उंच बांध. बांधामागून जाणारं वळण प्रेक्षकांपैकी कोणालाच दिसायचं नाही. आठ दिवस आधीपासून टँकरनं पाणी मारून माती बसवायचे, तरी तिसऱ्या फेरीला अशी धूळ उठायची की सेव-उसळवाला पातेल्यावर झाकण ठेवून स्वतःही त्याच्यामागे बसायचा. सगळं बडोदं लोटायचं असं मी म्हणणार नाही, पण ज्यांना वेड होतं त्यांना त्या महिन्यात दुसरं काही सुचायचं नाही. आमचे बाबा त्यातले.

आई त्यात शिरली ती बाबांच्या फुशारकीमुळे. एका वर्षी फेऱ्या लिहिणारे गृहस्थ तापानं पडले. आता फेऱ्या लिहायच्या म्हणजे काय, तर वीस-बावीस गाड्या एकदम सुटतात, चार-पाच फेऱ्यांनी पुढचे मागच्यांना गाठतात, आणि मग पुढे दिसणारा खरंच पुढे आहे की एक फेरी मागे आहे, हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून रेषेसमोर तंबूत बसून प्रत्येक फेरीला गाड्यांचे नंबर आले त्या क्रमानं लिहायचे. अशा दहा फेऱ्या. त्या तक्त्यावरून निकाल लागायचा. बाबा म्हणाले, "माझी बायको लिहील." बायकोला विचारलेलं नव्हतं.

पण बाबा उगीच बोलले नव्हते. आमच्या घरी हळदीकुंकवाला पन्नास-साठ बायका येऊन जायच्या. आई कुंकू लावतेय, वाण देतेय, हसतेय, बोलतेय, आणि शेवटची बाई उंबऱ्याबाहेर पडली की बसल्या जागेवरून सांगायची, "तिसऱ्या ब्लॉकमधल्या वहिनी राहिल्या. आणि मास्तरीणबाईंची सून राहिली." यादी नाही, काही नाही. कोण आलं आणि कोण राहिलं एवढंच तिला कळायचं, पण ते कधी चुकायचं नाही. तक्त्याला आणखी काय लागतं?

पहिल्या वर्षी बाबांनी नंबर पुकारायचे आणि आईनं लिहायचे असं ठरलं. दुसऱ्याच फेरीत बाबा नंबर सोडून "अरे दाब! दाब ना!" असं ओरडायला लागले. आईनं त्यांना तंबूबाहेर घालवलं. पुढची दोन-तीन वर्षं ती एकटीच बघायची आणि एकटीच लिहायची, आणि मी बारा वर्षांची झाले तेव्हा पुकारायला मला घेतलं. नियम एकच होता आणि तो तिनं पहिल्याच दिवशी सांगितला. "दिसला तर म्हणायचं. नाही दिसला तर गप्प बसायचं. येतच असेल, येईलच, असलं काही म्हणायचं नाही." जो आला नाही त्याच्या जागी ती आडवी रेघ ओढायची. नंबर चिखलानं माखले की मी गडबडायचे, पण ती माणसाच्या बसण्यावरून ओळखायची. "हा चौदा. जात्यावर बसल्यासारखा बसतो," म्हणायची, आणि तो चौदाच असायचा.

एरवी आईला कोण काय विचारणार? भाजी कसली आहे आणि माझे मोजे कुठे आहेत, एवढंच. त्या रविवारी मात्र चांगले मिशाळ पुरुष तंबूच्या तोंडाशी अदबीनं उभे राहायचे आणि तिसरा कोण आला ते विचारायचे, "बेन, त्रीजो कोण?" आई चष्म्यावरून बघायची, तक्त्यावर बोट ठेवायची आणि नंबर सांगायची. त्यावर कोणी हुज्जत घालत नसे. सगळ्यात मोठा दरारा होता तो गॅरेजवाल्या काकांचा. मांजलपूरच्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं, बाबांची गाडी तिथेच दुरुस्तीला जायची. काका पक्के गुजराती, पण निम्मी गिऱ्हाइकं मराठी असल्यामुळे आमच्याशी मराठीच बोलायचे, त्यांच्या पद्धतीचं. सत्तावीस नंबर म्हणजे त्यांचा भाचा आणि आख्ख्या बडोद्याचा लाडका. भाचा हरला तरी काका म्हणायचे, "बेनने लिहिलं म्हणजे लिहिलं. खलास." त्या दिवशी मैदानातून घरी येताना आईची चालच निराळी असायची. पदर खोचलेला, तक्ता लावायचा बोर्ड काखेत, आणि बाबा दोन पावलं मागे. मला ती चाल फार आवडायची.

मग एका मार्च महिन्यात शर्यत भरवणाऱ्यांचं पत्र आलं. पुढच्या वर्षीपासून शर्यत दुसऱ्या शहरात होणार. त्या शहराचं नाव आमच्या घरात नंतर कोणी घेतलं नाही, मीही इथे घेत नाही. भरवणाऱ्यांनी कारणं दिली होती आणि ती खोटीही नव्हती. तिथे पक्क्या पायऱ्या होत्या, नळाला पाणी होतं, पाहुण्यांना उतरायला हॉटेलं होती. पण कारण खरं असलं म्हणून राग कमी होतो असं कोणी सांगितलं?

गॅरेजमध्ये सभा भरली. मी बाबांबरोबर गेले होते. काका उलट्या केलेल्या ऑइलच्या डब्यावर उभे राहून बोलत होते. "एवढी वरस धूळ कोणी खाल्ली? आमी! आन आता मलाई कोण खाणार? ते!" सगळ्यांनी हो हो केलं. एक जण म्हणाला, मैदानाच्या मालकाला भेटू. दुसरा म्हणाला, पेपरात छापून आणू. तिसऱ्याला नुसतंच कोणाला तरी मारायचं होतं. शेवटी ठरलं ते असं: एक, सह्यांचं पत्र पाठवायचं. दोन, दर रविवारी ट्रॅकवर पाणी मारून तो तयार ठेवायचा, म्हणजे बघायला कोणी आलं तर म्हणता यावं की बडोदं हे असं आहे. आणि तीन, तरीही शर्यत गेलीच तर तिथे काळ्या फिती लावून जायचं आणि एकानंही टाळी वाजवायची नाही.

घरी मात्र आईनं तक्त्याचा लाकडी बोर्ड पुसला, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळला आणि कपाटावर ठेवून दिला. मी विचारलं, "तिथे तुला बोलावतील ना?"

"तिथे त्यांच्या बायका नसतील का?" ती म्हणाली आणि कणीक मळायला लागली. तेव्हा मला कळलं की बाबांची एक मजा गेली होती, काकांचा मान गेला होता, पण आईचं जे गेलं होतं ते तिच्याकडे एकच होतं.

पत्र बाबांनी लिहिलं, इंग्रजीत, पाच वेळा खाडाखोड करून. आणि पाणी मारणं सुरू झालं. मार्च, एप्रिल, मे, दर रविवारी सकाळी टँकर यायचा, काका नळी धरायचे, बाबा पुढे चालत "इथे कोरडं राहिलं, इथे" असं दाखवायचे. सोसायटीतले लोक गॅलरीतून बघायचे. आपण एवढं पाणी घालतोय तर काहीतरी उगवेल, हे त्या वीस-पंचवीस शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यांचा काय दोष? इतकी वर्षं पाणी मारलं की आठ दिवसांत गाड्या यायच्या आणि सगळं तुडवून जायच्या. या वेळी तुडवायला कोणी आलं नाही. मग पाऊस झाला. नवरात्राच्या सुमारास भरवणाऱ्यांचा एक माणूस खरोखरच ट्रॅक बघायला आला, तेव्हा तिथे गुडघाभर हिरवंगार गवत होतं आणि अवघड वळणावर दोन म्हशी बसल्या होत्या. तो माणूस सभ्य असावा. हसला, चहा प्याला आणि गेला. बाबा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत.

जानेवारीत आम्ही बस करून त्या शहरात गेलो. काळ्या फिती माझ्या शाळेच्या रिबिनी कापून केल्या होत्या. आई येणार नव्हती, पण बाबा म्हणाले, "नुसती बघायला चल." ती आली. सोबत डबा, पाणी आणि माझी भूगोलाची वही. वही कशाला, तर म्हणे बसमध्ये वारा घालायला.

तिथली व्यवस्था छान होती, हे मी तेव्हाही कबूल केलं असतं, पण विचारलं कोणी नाही. आम्ही पायऱ्यांवर ओळीनं बसलो, दंडाला फिती, तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी. झेंडा पडला, बावीस गाड्या गर्जत सुटल्या, आणि टाळी न वाजवण्याचा ठराव पहिल्या वळणापर्यंतसुद्धा टिकला नाही. सत्तावीस नंबर दुसरा होता. काका बाकावर चढले. बाबा "दाब! दाब!" करायला लागले. आईनं माझ्याकडे न बघताच भूगोलाच्या वहीचं मागचं पान उघडलं, पर्समधून पेन्सिल काढली आणि म्हणाली, "बोल."

मी बोलायला लागले. पहिल्या फेरीला आठ, सत्तावीस, तीन, चौदा. दुसऱ्या फेरीला तेच. आठ नंबर त्याच शहराचा होता आणि सत्तावीस त्याच्या मागच्या चाकाला चिकटून होता. चारही फेऱ्या तसंच. पाचव्या फेरीला आठ आला, मग तीन, मग चौदा. मी थांबले. आईची पेन्सिलही थांबली. सगळे आले, सत्तावीस आला नाही. आईनं रेघ ओढली.

सहाव्या फेरीला पायऱ्यांवरून न दिसणाऱ्या लांबच्या वळणाआडून धुळीतून बाहेर आला तो सत्तावीस, आणि त्याच्या मागे आठ! आमचे लोक वेडे झाले. वळणाआड त्यानं आठला मागे टाकलं असंच सगळ्यांना वाटलं. मी सत्तावीस म्हटलं, मग आठ म्हटलं, आणि म्हणता म्हणता माझ्या लक्षात आलं. तो पुढे नव्हता. तो एक फेरी मागे होता. वळणाआड कुठेतरी थांबला होता आणि आठ नंबर पूर्ण चक्कर मारून आला तेव्हा नेमका त्याच्या पुढ्यात निघाला होता. आईनं लिहिलं.

दहाव्या फेरीला सत्तावीस सगळ्यांच्या पुढे रेषेवरून गेला आणि काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा झेंडा त्यालाच पडला. लाउडस्पीकरवर जाहीर झालं, पहिला सत्तावीस, बडोदा. मी आमची माणसं तशी आनंदलेली त्याआधी कधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही नाही. वर्षभराचा अपमान एका मिनिटात धुऊन निघाला. शर्यत नेलीत ना? घ्या, आता बक्षीसही आम्हीच नेतो! काकांनी मैदानात उडी मारून भाच्याला मिठी मारली. काकांचा शर्ट पांढरा होता. भाच्याचे हातमोजे कुठेतरी राहिले होते, आणि त्याच्या दोन्ही काळ्याभोर पंजांचे ठसे मामाच्या पाठीवर उठले. काकींना हा शर्ट धुताना त्रास होणार, एवढंच मला तेव्हा वाटलं.

वही माझ्या मांडीवर होती. आई उभी राहिली.

"आई, राहू दे ना," मी म्हटलं. "आज तू कुठे लिहायला आहेस? कोणाला कळणार आहे?"

"वही दे."

मी लगेच दिली नाही. वहीवर दोन्ही हात दाबून बसले. मला तिचा राग आला होता, खरंच आला होता. एकदा, फक्त एकदा आपल्या लोकांचं भलं होऊ द्यायला हिचं काय जातं, असं वाटलं. तिनं परत मागितली नाही, नुसता हात पुढे करून उभी राहिली. मग मी दिली.

फेऱ्या लिहायला तिथे कॉलेजातली दोन मुलं होती, भेदरलेली. त्यांच्या तक्त्यात पाचव्या फेरीला आठच्या खाली सत्तावीस लिहिलेला होता. आईनं शांतपणे विचारलं, "हा इथे आला होता का?"

एक मुलगा म्हणाला, "दर फेरीला तो आठच्या मागेच येत होता ना..."

"म्हणून लिहिलात?"

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. वळणावर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाला बोलावलं. त्यानं सांगितलं, हो, सत्तावीस तिथे थांबला होता, मिनिटभर तरी खाली बसून काहीतरी करत होता. तो काय करत होता हे कोणी विचारलं नाही. फेरी चुकली होती, तेवढं पुरे होतं. अर्ध्या तासानं लाउडस्पीकरवर नवा निकाल आला. पहिला आठ. सत्तावीस पाचवा. आणि वर त्या निवेदकानं जाहीर केलं की ही चूक बडोद्याच्याच एका बाईंनी लक्षात आणून दिली. त्या शहराच्या लोकांनी आईसाठी टाळ्या वाजवल्या. त्याच्याएवढं वाईट दुसरं काही झालं नसतं.

बसमध्ये काका एकदाच बोलले. "बेन, तमे आ शुं कर्युं?" तुम्ही हे काय केलंत, असं. मागून कोणीतरी म्हणालं, "घरनो भेदी." ते मराठीत सांगायला नको, घरभेदी आपल्याकडेही असतात. बाबा पुढे पुरुषांत बसले होते. ते उठले, डुलत डुलत मागे आले, मला सरकायला लावलं आणि आईच्या शेजारी बसले. डबा उघडला आणि तिच्या पुढे धरला. माझ्या बाबांनी आयुष्यात आईसाठी पुष्कळ केलं असेल, पण मला आठवतो तो हा डबा. काका आमच्या पुढच्याच सीटवर होते. तीन तास माझ्या डोळ्यांसमोर त्यांच्या पाठीवरचे ते दोन काळे पंजे होते.

चार दिवसांनी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बायका आल्या, गेल्या, आईनं तबक खाली ठेवलं. त्या वर्षी तिनं न विचारता सांगितलं नाही. मीच विचारलं, कोण राहिलं. "सात जणी," ती म्हणाली. बसमधल्या सात घरच्या. काकी त्यात पहिल्या. वाण म्हणून आणलेल्या वाट्यांतल्या सात वाट्या तिनं बोर्डाशेजारी कपाटावर ठेवल्या.

वर्ष तसंच गेलं. बाबांनी गाडी दुसऱ्या गॅरेजला द्यायला सुरुवात केली आणि ती पहिल्यापेक्षा वाईट चालायला लागली. आईला मी एकदा विचारलं, पस्तावलीस का. ती म्हणाली, "वाईट वाटतं. पस्तावा कशाचा?" मला हा फरक तेव्हा पटला नव्हता.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी दारात काका उभे. हातात हेल्मेट, अंगात कसला तरी निळा शर्ट. बाबा "या या" करायचंही विसरले. काका आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसले आणि आईकडे न बघता बोलले.

"बेन, त्या दिवशी घरी गेलो ने, शर्ट काढला. पाठीवर हात होते. चेनचं काळं ऑइल. मी मेकॅनिक आहे. उतरलेली चेन हातानं चढवल्याशिवाय असे हात होतच नाही. ते बघितलं आन समजलो, तुम्ही लिहिलं ते खरं." त्यांनी हेल्मेट खाली ठेवलं. "समजलो, आन मग आणखी राग आला. तुमच्यावर. स्वतःवर करायला पाहिजे होता, तो पण तुमच्यावरच केला. भाच्याला विचारलं, तर मान वर करेना. बोलला, मामा, सगळे खांद्यावर घेऊन नाचत होते, माझ्या तोंडातून शब्दच नाही निघाला."

काका पुढे म्हणाले, "आता मोठी शर्यत काय परत नाही येणार. आपणच करू, नानी, छोटीशी. मालकाशी बोलून आलोय, तो हो बोलला. ते गवत आहे ने, तसंच ठेवायचं, थोडं कापायचं. मुळं माती धरून ठेवतात, मी गाडी फिरवून बघितली. पण लिहायला तुम्ही पाहिजे."

"लिहायला कोणीही मिळेल की," आई म्हणाली.

"मिळेल. पण मानणार कोण?" आता काकांनी तिच्याकडे बघितलं. "तुम्ही आमच्या विरुद्ध लिहिलं, बेन. तुमचंच मानतील."

आई उठून आत गेली. मला वाटलं, झालं, आता ही बाहेर येत नाही. ती चहा घेऊन आली, आणि चहाबरोबर कपाटावरची एक वाटी. "हे काकींना द्या," ती म्हणाली. "मागच्या संक्रांतीचं राहिलंय." आणि मग, अगदी भाजीवाल्याशी बोलावं तशा आवाजात, "तंबू रेषेच्या बरोबर समोर पाहिजे. मागच्या खेपेला तिरका लावला होता."

मोठी शर्यत बडोद्याला परत आली नाही. आमची छोटी मात्र पुढे आठ-नऊ वर्षं चालली, मैदानावर इमारती उभ्या राहीपर्यंत. पहिल्या वर्षी अकराच गाड्या होत्या. बाबा आणि त्यांच्या मंडळींनी विळे घेऊन गवत कापलं, आणि ज्या गवतानं आमचं हसं केलं होतं त्याच्यामुळे त्या दिवशी धूळच उडाली नाही. सेव-उसळवाल्यानं झाकण काढून ठेवलं. नंबर शेवटच्या फेरीपर्यंत स्वच्छ दिसत होते. त्या सकाळी काकी आल्या होत्या, आणखी चौघी आल्या होत्या. आईनं तंबूतच कुंकू लावलं आणि जुनी वाणं देऊन टाकली. दोघी राहिल्या होत्या. त्या पुढच्या वर्षी आल्या.

गाड्या रेषेवर लागल्या तेव्हा आईनं बोर्ड माझ्या मांडीवर ठेवला आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. "आज तू लिही. मी म्हणते."

"मी? त्या दिवशी मी तुला राहू दे म्हटलं होतं, आई."

"म्हटलं होतंस," ती रेषेवरची नजर न काढता म्हणाली. "पण वही मागितल्यावर दिलीस."

गाड्या सुटल्या. उन्हानं कागद चमकत होता म्हणून काका छत्री घेऊन आमच्या मागे उभे राहिले. दोन फेऱ्या सत्तावीस पहिला होता. तिसऱ्या फेरीला आई म्हणाली, चौदा. मग पाच. मग अकरा. मग ती थांबली. बांधाकडे कोणी दिसत नव्हतं. माझ्या मागे काका पुटपुटले, "येईल, येईल, आवशे," आणि मग तेही गप्प झाले. मी आणखी थोडी वाट पाहिली, आईकडे पाहिलं. ती काही म्हणाली नाही.

मी रेघ ओढली. काका वाकून त्या रेघेकडे बघत राहिले. मग त्यांनी छत्री थोडी पुढे सरकवली, कागदावर सावली नीट पडावी म्हणून.